गाडीची जागा

आई,

आज सकाळी वायरमन येऊन गेला. तू गेल्यानंतर आता हे घर भाड्याने द्यायचं ठरलंय, त्याआधी सगळं वायरिंग बदलून घ्यावं म्हणून मी चार दिवसांसाठी कागलहून इथे येऊन राहिले आहे. काय ठेवायचं, काय काढायचं ते विचारत, भिंतीवर पेन्सिलीने खुणा करत तो घरभर फिरला आणि शेवटी बाहेर पुढच्या भिंतीपाशी थांबला. पत्र्याच्या टोपणाखाली तो जाडजूड प्लग अजून तसाच आहे. "बाई, ह्यो एवढा मोठा प्लग भाईर कशाला काढलाय? हितं काय चालत हुतं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "माहीत नाही." त्याने प्लगवर फुली मारली, चहा घेतला आणि गेला. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. दोनदा चहा टाकला, दोन्ही वेळा ओट्यावर गार झाला. तीनदा बाहेर जाऊन ती फुली बघून आले. शेवटी वही घेऊन तुझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसले आहे.

माहीत नाही कसं? तो तुझ्या गाडीचा प्लग. शाहूपुरीतल्या अर्ध्या घरांत तुझी कांदा-लसूण चटणी जायची. उन्हाळाभर तू मिरच्या वाळवायचीस, गिरणीतल्या डंकावर कुटून आणायचीस, डबे भरून घरोघर पोचवायचीस. पण तुझी पिशवी बघितली की रिक्षावाले शिंका यायच्या आधीच नाक धरायचे. "मावशी, दुसरी बघा." एकदा एसटीच्या कंडक्टरने तुला डब्यांसकट खाली उतरवलं होतं. त्या दिवशी तू चालत घरी आलीस, घामाने ओली, चटणीच्या हातांनी डोळे पुसून लालभडक झालेली, आणि दारातूनच ओरडलीस, "त्यास्नी काय बापानं आंदण दिलीत व्हय गाड्या? माझी मी घेतो गाडी!" अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर थोडा वर धरला, एवढंच.

पेट्रोल एकदम महागलं त्याच सुमाराची ही गोष्ट. उद्यमनगरात इंजिनाचे सुटे भाग करणारा एक कारखानदार तुझं गिऱ्हाईक होता. त्याच्या डोक्यात बॅटरीवरच्या तीन चाकांच्या गाडीने घर केलं. पुढे एक चाक, मागे दोन, आणि मागे सामानाची पेटी. किक नाही, गिअर नाही, धूर नाही, आवाज नाही. "बाईमाणूस बी चालवंल, वैनी," असं तो सहज बोलून गेला, आणि तू त्यातलं तेवढंच ऐकलंस. त्याने नमुन्याची एक गाडी जुळवायला घेतली होती. ती नीट चालली की ओळीने वीस काढायच्या, असा त्याचा बेत. विसांतलं पहिलं नाव तुझं. "ह्या दसऱ्याला गाडी दारात," तो म्हणाला.

तू घरी आलीस आणि अंगणातला धुण्याचा दगड हलवायला लावलास. अण्णांनी आणि मी तो ढकलत मागे नेला. मोकळ्या झालेल्या जागेला तू गेरूने चौकट काढलीस आणि सगळ्यांना बजावलंस की गाडीच्या जागेत बादली, चप्पल, काही ठेवायचं नाही. आठवड्यात भिंतीवर प्लगही बसला. आणि मग तू गाडी चालवायला शिकायला लागलीस, म्हणजे इथेच, या पाटावर. आता मी जिथे बसले आहे तिथे तू बसतेस, दोन्ही हातांत लाटणं आडवं धरतेस, आणि मी समोर उभी राहून ओरडते, "डावीकडे! सायकलवाला! म्हैस आली, म्हैस!" तू लाटणं असं वळवतेस की तवा खाली येतो. मी कॉलेजात जाणारी मुलगी, हसून हसून माझ्या पोटात दुखायचं. शिकाऊ लायसनही तू काढलंस. ते मिठाच्या बरणीमागे ठेवायचीस. त्याची मुदत संपायची, गाडी आलेली नसायची. पुन्हा रांगेत उभी राहून तू नवं काढायचीस. फोटोतली तू दर खेपेला थोडी थोडी पिकत गेलीस.

कारण दसरे येत होते आणि गाडी येत नव्हती. एका वर्षी बॅटऱ्या मिळाल्या नाहीत. पुढच्या वर्षी मोटर तापत होती. मग ती ओझं घेऊन चढ चढेना. मग मुंबईहून कसलासा परवानगीचा कागद येईना. तू दर महिन्याला कारखान्यावर जाऊन त्या माणसाला फैलावर घ्यायचीस आणि येताना का कोण जाणे त्याचीच बाजू घेत यायचीस. दसऱ्याला गल्लीत सायकली, स्कूटर धुऊन हार घालायचे. तूही एक झेंडूचा हार जास्तीचा आणायचीस आणि संध्याकाळपर्यंत वाट बघून त्या प्लगच्या टोपणाला अडकवायचीस. गल्लीतली पोरं विचारायची, "काकू, गाडी कुठं लावली?" तुला त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटायचं. मला तर त्या चौकटीकडे बघवेनासं झालं होतं. आणि वर तू मलाच कामाला लावलेलं. "त्या गाडीला आवाज नसतोय. आली तरी कळायची न्हाय. मी आत चुलीपाशी असतो. तू दाराकडं डोळं ठेव."

मी ठेवले होते, आई.

कागलची मंडळी मला बघायला आली तो रविवार. मंडळी बाहेरच्या खोलीत अण्णांशी बोलत बसलेली. तू इथे कांदेपोहे करतेस, आणि ऐन वेळी कपबशा कमी पडतात. "बोळातनं जा आणि शेजारनं चार आण. पदर सांभाळ!" मी कपबशा घेऊन परत येते, आणि बोळाच्या तोंडाशी बघते तर चौकटीत गाडी उभी आहे. बरोबर गेरूच्या रेघांच्या आत. पिवळी, बुटकी, रंग अजून ओला वाटावा अशी. कारखानदार हँडल धरून लहान पोरासारखा हसतोय. "वैनीस्नी बोलवा की! आज चढ चढली. पैला मान त्यांचा. त्यांच्याच हातात देतो, गल्लीतनं एक चक्कर मारू द्यात."

पोह्यांच्या फोडणीचा वास मला बाहेरपर्यंत येत होता. मला दिसलं ते असं: तू उलथनं टाकून, हळदीच्या हातांनी, पाहुण्यांच्या मधून धावत येणार. हँडल धरून "म्हैस आली!" म्हणून ओरडणार. कागलची मंडळी खिडकीतून बघणार. यात खोटं काही नव्हतं, तू नक्की तसंच केलं असतंस. मी म्हणाले, "आई घरात नाही. कोडोलीला गेलीय, मामाकडे." त्याने घराकडे पाहिलं, माझ्या नव्या साडीकडे पाहिलं, हातातल्या कपबशांकडे पाहिलं. "बरं. पुन्यांदा आणतो की," म्हणाला. गाडी वळली आणि गेली. तू म्हणायचीस तसंच, कसलाही आवाज झाला नाही. तू आत पोह्यांवर खोबरं घालत होतीस.

तो पुन्हा आला नाही. महिन्याभरात ती मोटर जळाली, दुसरीला पैसा लावायला कुणी तयार झालं नाही, आणि कारखाना परत सुट्या भागांवर आला. वीस सोड, दुसरी एक गाडीसुद्धा निघाली नाही. पण त्याआधी, त्या रविवारनंतर चार दिवसांनी, तू नेहमीसारखी कारखान्यावर गेलीस. परत आलीस, पिशवी खुंटीला लावलीस, विळीवर कांदा घेतलास. मी तांदूळ निवडत होते. दोन कांदे चिरून झाले. मग मान वर न करता विचारलंस, "मी कोडोलीला कवा गेलतो गं?"

मी तांदळातला खडा शोधत राहिले. एक सापडला, तो हातात धरून बसले. तू तिसरा कांदा विळीवर घेतलास. मग म्हणालीस, "पोहं बरं झालतं न्हवं?" मी म्हटलं, "हो." तो विषय तू पुन्हा कधी काढला नाहीस. शिव्या दिल्या असत्यास तर मी रडून मोकळी झाले असते. लग्नाला तू सगळ्यांत जास्त नाचलीस. पुढच्या दसऱ्याला मी माहेरी आले तर प्लगला हार होता, आणि बरणीमागे नवं लायसन.

तुझ्या जावयाने लग्नानंतर एकदा सहज विचारलं होतं, "त्या दिवशी तुमच्या दारात एक पिवळी गाडी आली होती, ती कुणाची? मला खिडकीतून दिसली. वाटलं, उठावं आणि म्हणावं, मला बसवा." ज्याच्यासाठी मी तुला कोडोलीला धाडलं, त्यालाच गाडीत बसायचं होतं. मी त्यालाही सांगितलं, कुणाची माहीत नाही. म्हणजे आज सकाळी वायरमनला दिलं ते उत्तर काही नवं नव्हतं. मला ते पाठच आहे.

तू कधी बसलीच नाहीस ना त्या गाडीत? हेसुद्धा मी तुला कधी विचारलं नाही. कारखान्यावर एखाद्या वेळी तरी त्याने बसवलं असेल, असं मी स्वतःला सांगत आले. पण बसली असतीस तर सगळ्या शाहूपुरीला सांगत सुटली असतीस, हे मला ठाऊक आहे. आत्ता उठून पुन्हा बाहेर जाऊन आले. चौकट केव्हाच पुसली गेली आहे, तरी तिथे मी चप्पल काढत नाही. फुली ओल्या फडक्याने पुसली. वायरमन उद्या येईल तेव्हा विचारेल, का ठेवायचा, आणि मी खरं सांगेन की नाही याची मला आजही खात्री वाटत नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. बरणीमागे तुझी जुनी लायसनं अजून आहेत, त्यांत ठेवते.

पण तू विचारलं होतंस. तू कोडोलीला गेली नव्हतीस, आई. तू घरातच होतीस.