वारणेकाठच्या गोट्यांच्या रानाची व्यवस्था

लिहून ठेवणार : शालूबाई नाथाजी नांगरे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार मौजे आंबेमळी, तालुका शिराळा, जिल्हा सांगली.

मी वर नाव लिहिलेली, बुद्धी ठिकाणावर असताना, चष्मा लावून, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकानं नव्हे तर स्वतःच्या मर्जीनं, माझ्या पश्चात काय व्हावं ते स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, स्मरण शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वकील विश्वजित थोरात म्हणाले, "आजी, थोडक्यात लिहा." थोडक्यात बोलायची सवय रोज कोणाशी तरी बोलणाऱ्याला असते. मला ती राहिलेली नाही.

कलम १. गावठाणातलं तीन खणांचं राहतं घर, भांडीकुंडी आणि बँकेत असेल ती शिल्लक माझा एकुलता एक मुलगा वीरधवल याला मिळावी. अंगणातला कॅमेरा त्यानंच बसवला आहे, तो त्यानं काढून न्यावा. बंगळुरात बसून तो मला त्यात बघतो. त्याला मी दिसते, मला तो दिसत नाही. सुरुवातीला मी कॅमेऱ्यापुढं उभी राहून बोलायची. मग कळलं की त्यात आवाज जात नाही.

कलम २. यजमानांची फौजेतली लोखंडी पेटी आणि पदकं वीरधवललाच. पेटी विकू नये. पदकांना वर्षातून एकदा चिंच लावावी.

कलम ३. आता रान. नदीच्या वळणावरचं सव्वा एकर गोट्यांचं रान माझ्या एकटीच्या नावावर आहे. यजमान गेल्यावर वीरधवलनं हक्कसोड करून दिली, तेव्हा तो म्हणाला, "गोट्यांत काय ठेवलंय, आई?" काय ठेवलं आहे ते इथं लिहिते, कारण तेव्हा ऐकायला त्याला सवड नव्हती.

वाटणीत थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, ही आमच्याकडची रीत. थोरले दीर लालासाहेब यांनी दोन वाटे पाडले : एक गावालगतचं काळं रान, दुसरं विहिरीसकट हे. यजमान सरहद्दीवर होते. त्यांचा निरोप आला की शालू उचलेल. माझं माहेर दुष्काळी औंधाकडचं. तिकडं उन्हाळ्यात दगड उलटला की खाली ओल सापडते. दगडाचं रान म्हणजे ओलीचं रान, असं मानून मी हा वाटा उचलला. सगळी भावकी हसली. लालासाहेब म्हणाले, "दुष्काळातली पोर हाय. दगुड दिसला की म्हेर आठवतंय तिला." ते वाक्य मी आजवर विसरलेली नाही आणि इथंही माफ करत नाही.

माहेरचा दगड वेगळा आणि नदीचा गोटा वेगळा, हे मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. इथं वर वीतभर गाळ, त्याखाली अंड्याएवढे ते नारळाएवढे गुळगुळीत गोटे, आणि त्याखाली नुसती वाळू. पाणी पाजलं की जणू कोणी खाली तोंड लावून बसलं आहे. सकाळी रान लवकर तापतं, दुपारी तळपाय भाजतात. शेणखत एका पावसात धुऊन जातं. उसाला वजन येत नाही, नांगराचा फाळ बोथट होतो. पण शेंग उपटली तर मातीचा कणही न चिकटता येते, मुळ्या पुरुषभर खोल जातात, आणि पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी चप्पल न भरता चालता येतं.

यजमान निवृत्त होऊन आले आणि त्यांनी फौजी शिस्तीनं गोटे वेचायला घेतले. दोन वर्षं वेचून बांध रचला. उघडी पडलेली माती उन्हानं तापून खापरीसारखी झाली आणि भुईमूग जळाला. मग नदी आली आणि बांध फोडून सगळे गोटे परत रानात पसरून गेली. यजमान बघत राहिले, म्हणाले, "जाऊ दे. ही वरून आलेली ऑर्डर आहे." मी हसले. तसं पोट धरून हसणं नंतर झालं नाही, कारण पुढच्याच वर्षी ते गेले.

कलम ४. २०१९च्या पुरानंतर लालासाहेबांच्या काळ्या रानात पाणी तुंबून ऊस कुजला. माझ्या रानातलं पाणी नदीच्या मागोमाग उतरलं. लालासाहेब माझ्या बांधावर आले, पाय टेकवून पाहिला आणि माघारी गेले. भिंतीला भिंत लागून घर असून ते आजही बोलत नाहीत. त्यांना दाराला लावायला माझ्या रानातला एक गोटा द्यावा, चांगला नारळाएवढा. वाऱ्यानं त्यांचं दार आपटतं, मला ऐकू येतं.

कलम ५. या रानात खत टिकत नाही, म्हणून लेंडीखतासाठी दरसाल मेंढ्या बसवाव्या लागतात. दिवाळीनंतर माणदेशातून हरणाबाई आणि तिचा नवरा धुळा मेंढरं, घोडी, कोंबड्या घेऊन येतात आणि पंधरवडाभर रानात मुक्काम करतात. काळ्या रानात चिखलानं मेंढरांचे खूर सडतात. इथं गोट्यांवर ती कोरडी बसतात. आता काठानं सगळा ऊस झाला. मेंढरं टेकतील अशी जागा एवढीच उरली. तो पंधरवडा मी रानातच जेवते. हरणाबाई मला आक्का म्हणते. उरलेलं वर्ष मी त्याची वाट बघते, हे लिहायला लाज वाटत नाही.

वीरधवलचं म्हणणं आहे की जेसीबी लावून गोट्यांवर काळी माती पसरावी आणि ऊस लावावा. तसं झालं तर मेंढरं रस्त्यावर बसतील. म्हणून मी हरणाबाईला विचारलं, रान तुझ्या नावावर करू का?

ती म्हणाली, "नगं आक्का. रान घिऊन काय करू? तुमी हाय तवर येतूय."

"आणि माझ्यामागं?"

"मागं कशाला येऊ? बांधावर हुबं ऱ्हाऊन 'आलासा व्हय' म्हणणारं कोण हाय?"

या बोलण्यावर मी महिनाभर विचार केला, माझ्यामागं एक दिवाळी तरी येशील असा शब्द तिच्याकडून घेतला आणि पुढील व्यवस्था ठरवली.

कलम ६. माझ्या पश्चात येणाऱ्या पहिल्या दिवाळीनंतर हरणाबाईचा कळप ज्या संध्याकाळी रानात उतरेल, त्या संध्याकाळी वीरधवलनं स्वतः बांधावर उभं राहून त्यांना 'आलात का' असं विचारावं. त्यानं तसं केलं तर रान त्याचं. मग त्यानं काळी माती पसरू नये आणि दरसाल मेंढ्या बसू द्याव्यात. येण्याच्या चार दिवस आधी धुळा मला फोन करतो, माझ्यामागं तो वकिलांना करील आणि ते वीरधवलला कळवतील, म्हणून कळलं नाही ही सबब नको. माणूस पाठवून किंवा फोनवरून विचारलेलं धरू नये. गाडी उशिरा आली आणि तो त्या रात्री कधीही पोचला, तरी चालेल. त्याला जेवायला वाढावं, हे मी हरणाबाईला सांगून ठेवलं आहे. कशासाठी ते सांगितलेलं नाही.

तो आला नाही, तर रान हरणाबाई धुळा कोकरे, राहणार मौजे खडकमाळ, मारुतीच्या देवळामागं, तालुका माण, जिल्हा सातारा हिला मालकीहक्कानं मिळावं. ती स्वतः शेतकरी खातेदार आहे. तिचा सातबारा आणि आधारची प्रत सोबत आहे. ती नको म्हणेल. दोनदा विचारावं.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील विश्वजित थोरात यांनी करावी. मसुदा वाचून ते म्हणाले, "आजी, हरणाबाईचा पत्ता देवळासकट लिहिलात. मुलाचा कुठंच नाही. त्याला नोटीस कुठं पाठवू?"

त्यांना सांगितलं तेच इथं लिहिते. त्यानं तीन घरं बदलली. दर वेळी म्हणाला, स्थिरावलो की पत्ता पाठवतो. माझ्याकडं नंबर आहे. रविवारी सकाळी दहानंतर उचलतो.

हे सर्व मी वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

सही : शालूबाई नाथाजी नांगरे

साक्षीदार :
१. डॉ. संयोगिता महाडिक, शिराळा
२. तानाजी बापू शेवाळे, आंबेमळी

ठिकाण : शिराळा
दिनांक : ९ ऑक्टोबर २०२४