पेटी आत, माणसं बाहेर

प्रिय काशिनाथ,

आज शाळेत पेढे वाटले. विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला एकदाचा. जुनं नाव काढलेलं नाही, त्याच्या पुढे नवं जोडलंय. पेढा हातात घेऊन मी तुझ्या विज्ञानाच्या खोलीकडे चार पावलं चाललोसुद्धा. तुला विचारायचं होतं, याला काय म्हणायचं? हसायचं की चिडायचं? मग आठवलं. तू ही खोली सोडून पंधरा वर्षं झालीत, आणि तुला जाऊन दोन महिने!

म्हणून हे पत्र. तू असताना जे बोलायला हवं होतं ते आता कागदाशी बोलतोय.

आपण किती बोलायचो रे! शाळा सुटली की तू स्टुलावर, मी खिडकीच्या कट्ट्यावर. स्पिरिटच्या दिव्याचा वास यायचा. मी मराठीचा मास्तर, तू विज्ञानाचा. एकदा मी तुला डिवचलं, "तुझं विज्ञान सगळं सांगतं, पण माणूस का रडतो ते सांगत नाही." तू शांतपणे म्हणालास, "आसवात मीठ किती ते मी सांगतो. कशापायी रडला ते तू शिकव." यंत्राला कधी विचार करता येईल का, झाडाला दुखतं का, उपग्रह खाली का पडत नाही, अशा एकेका प्रश्नावर आपण आठवडा काढायचो. मला वाटायचं, गावात आपण दोघंच शहाणे.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचं संकरित ज्वारीचं बियाणं गावात आलं, तेव्हा आधी नाकं मुरडणारे सगळेच नंतर त्याच्यासाठी धावले. तू म्हणालास, "बियाण्यात संकर चालायलाय की सगळ्यांना!" मी हसलो होतो. तू हसत नव्हतास, हे मला दिसलं होतं.

आणि ते बाळ! काचेच्या नळीत गर्भ धरला, परदेशात मुलगी जन्मली, अशी बातमी रेडिओवर आली होती. दुसऱ्या दिवशी तू वर्गात कसं शिकवलंस देव जाणे, तुझं ध्यानच नव्हतं. शाळा सुटल्यावर बोलत सुटलास. शेवटी मला विचारलंस, "शिवा, समज असं बाळ आपल्या गावात जन्मलं. नळीतलं. तर त्याची जात कोणती लिहायची?"

मी म्हणालो, "ज्याच्या घरात वाढेल त्याची."

"म्हंजे रक्तात न्हाई, दारात हाय," तू म्हणालास. "कोणतं दार उघडतं त्याच्यावर."

त्यानंतर चारच दिवसांत तू माझ्या दारात उभा होतास.

तू आमच्या घरी आधी कधी आला नव्हतास. कसा येणार? मी कधी बोलावलंच नव्हतं. गळ्यात लिंग बांधलं की जात सोडायची असते, असं आमचे आजोबा सांगायचे. आजोबा गेले, आणि सांगणंही त्यांच्याबरोबर गेलं. पाच वर्षं तुझ्याशी रोज दोन-दोन तास बोललो, पण घोटभर चहाला तुला घरी नेलं नाही. हे आज पहिल्यांदा कागदावर लिहितोय. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं!

दुपारची वेळ होती. विद्यापीठाच्या याच नावावरून दंगल पेटली होती, शेजारच्या गावात दलित वस्ती जाळल्याची खबर सकाळीच आली होती. आपल्या गावात मारुतीच्या पारावर माणसं जमायला लागली होती. तू आईला घेऊन मागच्या बोळातून आलास. डोक्यावर पत्र्याची पेटी, आत तुझी पुस्तकं आणि टिपणाच्या वह्या. आई तुझा सदरा धरून उभ्या होत्या.

"शिवा," तू म्हणालास, "पेटी ठिव. आणि आईला दोन दिवस राहू दे. मी जातो कुठंबी."

माझ्या मागे आमचे आप्पा येऊन उभे राहिले. माझे थोरले भाऊ. शेत, घर, सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. ते तुझ्याशी बोललेच नाहीत, माझ्याशी बोलले.

"संदूक ठिवून घे. माणसं नगं. कळलं तर आपलं घर पेटवत्याल."

तू आप्पांकडे बघितलं नाहीस. माझ्याकडे बघत राहिलास. काशिनाथ, त्या वेळी मी एक शब्द बोलायचा होता. "आप्पा, ऱ्हाऊ द्या," एवढंच. इतकी वर्षं शब्दांत घालवणाऱ्याला ते तीन शब्द सुचले नाहीत. मी हात पुढे केले आणि तुझ्या डोक्यावरची पेटी उतरवून घेतली. पेटी आत घेतली. तुम्हाला बाहेर ठेवलं.

तू म्हणालास, "चल आई." कमरेएवढ्या ज्वारीत तुम्ही दोघं शिरलात. आईंना पायाने चालवत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. थोड्या वेळाने मी माळवदावर चढलो, तर वस्तीवर धूर दिसला. तुझं घर कोणतं ते धुरात ओळखू येईना.

पुढे पोलीस आले. मास्तर म्हणून मलाही विचारलं, काय पाहिलं? मी सांगितलं, "मी घरात होतो." खोटं नव्हतं. पण पारावर कोण-कोण जमलं होतं ते मी सकाळी पाहिलं होतं, आणि ते सांगितलं नाही.

महिन्याने तू पेटी न्यायला आलास. उंबऱ्याच्या बाहेरच थांबलास. मी पेटी आणून दिली. तू झाकण उघडलंस, एक वही काढून चाळलीस आणि म्हणालास, "ओल लागू दिली न्हाईस. बरं केलंस." शिवी दिली असतीस तर सोपं झालं असतं रे!

तू बदली मागून परभणीला गेलास. मला वाटलं, संपलं. पण दोन वर्षांनी मी ऑफिसच्या कामाला आलो, आणि स्टेशनावर तू भेटलास. बाकड्यावर बसलो, चहा घेतला, आणि बोलायला लागलो. जणू काही झालंच नव्हतं! मग नेमच झाला. मी परभणीला यायचो आणि तू स्टेशनावर. आपला माणूस अंतराळात गेला तेव्हा तू किती खूश होतास. म्हणालास, "वरून देशांच्या सीमा दिसत न्हाईत म्हणे. आपलं गावकूस दिसत असंल का रे?" मी चहाचा कप उचलला आणि विषय दुसरीकडे नेला.

दर वेळी तू म्हणायचास, "घरी चल." दर वेळी मी म्हणायचो, "गाडी चुकंल." घरी आई होत्या, काशिनाथ. त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने बसणार होतो?

एकदा कॉम्प्युटरवर बोलत होतो. त्याच्या आठवणीत साठवलेलं हवं तेव्हा पुसता येतं, असं तू सांगत होतास. बोलता बोलता थांबलास. "शिवा, एक इचारू?" मी उठलो. "गाडी आली," म्हणालो. गाडी अजून आली नव्हती. तरी तू उठून माझ्याबरोबर फलाटाच्या कडेपर्यंत आलास, आणि गाडी येईपर्यंत रुळांकडे बघत उभा राहिलास.

मग थेट तुझ्या शाळेतून कार्ड आलं. तुझं हृदय बंद पडलं होतं, तिसरा दिवसही होऊन गेला होता.

त्या आठवड्यात मी तुझ्या घरी गेलो. पहिल्यांदा. आई बाजेवर बसल्या होत्या. त्यांना आता नीट दिसत नाही.

"कोन हाय?"

"मी शिवामास्तर, आई." मी खाली बसायला लागलो.

"खाली कशाला? वर बस की."

मी बसलो. धीर करून म्हणालो, "आई, त्या दिवशी तुम्ही दारात आलात, तेव्हा मी..."

"मला काय सांगायलास? मी तिथंच हुते की!"

मग त्याच बोलल्या. "मी त्याला म्हनले हुते, मास्तरच्या घरी नगं, नीट शेतातनं निघू. त्यो म्हनला, न्हाई आई, शिवा घरात घेतोय. मी त्याच्याशी रोज बोलतो, मला त्यो ठावं हाय."

तुला मी ठाऊक होतो! काशिनाथ, मी तुला इतका चुकीचा कसा रे कळलो?

"नंतर कधी काही बोलला माझ्याबद्दल?" मी विचारलं.

"न्हाई. मीच इचारलं एकदा, टेसनावर कशाला जातूस त्याच्याकडं? म्हनला, एक दिस त्यो सांगंल. त्याच्याच तोंडानं."

म्हणजे तू वाट बघत होतास. इतकी वर्षं, दर भेटीला. आणि मी तुला उपग्रहांच्या गोष्टी सांगायला लावत होतो!

निघताना मी त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले. "आता मला सांगून काय व्हायचंय?" त्या म्हणाल्या. "ज्यांला ठावं न्हाई त्यांला सांग."

रस्ताभर मी आठवत राहिलो, कोणाला ठाऊक नाही? माझ्या मुलांना. त्यांना घरात वेगळीच गोष्ट माहीत आहे. दंगलीत आपल्या बाबांनी काशिनाथसरांची पुस्तकं वाचवली, ही. आप्पाच सांगतात, अभिमानाने, पाहुण्यांनाही. मी शेजारी बसून ऐकतो. कधी थांबवलं नाही. धाकटीने तर शाळेच्या निबंधातही लिहिलं, आणि निबंध तपासणारा मास्तर मीच होतो. पूर्ण गुण दिले.

येत्या रविवारी आप्पांचं जेवण झालं, की मी दोन्ही मुलांना समोर बसवणार आहे. आप्पा उठून जातील, कदाचित मला घरातून वेगळं करतील. करू देत. आधी पेटीचं सांगेन. मग तुझ्या आईचं नाव सांगेन, आणि त्या कोणत्या वाटेने ज्वारीत गेल्या ते दारात उभा राहून दाखवीन. मुलं जे विचारतील त्याचं उत्तर देईन, आणि या वेळी उठून जाणार नाही. हा माझा शब्द.

शिवानंद