पंखा, नावाडी आणि आपले बाबा

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचं घोरणं तुझ्या मागच्या पत्रात भिंतीपलीकडे पोचलं होतं, ते एव्हाना माघारी आलं असेल अशी आशा आहे. इकडे आई-बाबा ठणठणीत आहेत, बिघाड काय तो माझ्यात झाला आहे.

माझ्या कादंबरीवरचा सिनेमा आम्ही तिघांनी एकदाचा पाहिला. तुला ठाऊकच आहे, त्यातला नायक म्हणजे आपले बाबा, जन्मभर शिवणयंत्रं दुरुस्त करणारे आणि बोलण्याच्या बाबतीत कमालीचे काटकसरी. दिग्दर्शकाने त्यांचा नावाडी केला. (का, असं विचारलं तर म्हणाला, यंत्राने पडदा भरत नाही, पाण्याने भरतो.) बरं, ते मी गिळलं. तुझ्या जागी एक कुत्रा आहे, तेही गिळलं. (रागावू नकोस, कुत्रा गुणी आहे.) पण शेवट! पुस्तकात आई महिन्याने इस्पितळातून घरी येते आणि बाबा एवढंच म्हणतात, "पंखा लावू का?" अगं, त्या तीन शब्दांसाठी मी दोनशे पानं खपलो होतो! सिनेमात नावाडी तिचा हात धरून, मागे वीसेक व्हायोलिनं लावून म्हणतो, "तू नव्हतीस, तर घराला घरपण नव्हतं."

माझं डोकंच फिरलं. उद्याच जाऊन सिनेमावरून माझं नाव काढायला लावायचं, असं ठरवून बाहेर आलो, तर आईचे डोळे रडून सुजलेले. म्हटलं, आई, हे धादांत खोटं आहे, बाबा असं कधी म्हणाले होते का? तर म्हणाली, "नाहीच म्हणाले. म्हणून तर रडले मी." बाबा चपापले. "मग मी काय म्हणालो होतो?" मी छाती फुगवून माझं वाक्य म्हणून दाखवलं. आई म्हणाली, "हो. आणि तेव्हा वीज गेली होती."

ताई, ही वीज माझ्या पुस्तकात नाही. तेव्हापासून मूळ कलाकृतीशी इमान राखण्याच्या विषयावर मी तोंड उघडलेलं नाही. नावही राहू दिलं. आई शेजारणींना घेऊन पुन्हा सिनेमा पाहून आली, मोठी खुशीत आहे, आणि तिला तसं पाहून मलाही फार बरं वाटतं.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य काम राहिलंच. नावाड्याच्या अंगात आहे तसा निळ्या चौकड्यांचा शर्ट बाबांना हवा आहे. इथे मिळत नाही. आईला कळू न देता पाठव. पोटाला जरा सैल बघ, रूपांतरात तेवढी सूट चालते.

आणखी एक ता. क. काल आई बाजारातून आली तेव्हा बाबा दारातच उभे होते. "तू नव्हतीस, तर..." इथवर आले, मग घसा खाकरला आणि आत जाऊन पंखा लावला. इथे सध्या मरणाचा गारठा आहे. आई शाल घट्ट लपेटून पंख्याखाली बसून राहिली, बंद करा म्हणाली नाही.