माझी निळी जहाजं कोणाला विचारून हलवलीस?

प्रिय मंद्या,

'प्रिय' लिहिलंय ते सवयीने. आज समोर असतास तर गचांडीच धरली असती तुझी!

तुला जाऊन तीन महिने झाले. आज लिहायला बसलो, कारण सकाळी केतकीचा फोन आला. "निखिल, तुमचा तो खेळ घेऊन जातोस का? सईला अभ्यासाला टेबल लागतंय. नाहीतर सांग, लाकडी जहाजं मोएरु गोमीत जातात ना?" जळणारा कचरा! आपला सहा तासांचा खेळ, आणि तुझी बायको विचारतेय कुठल्या कचऱ्यात टाकू!

कावासाकीहून तडक निघालो आणि एदोगावाला तुझ्या दारात उभा राहिलो. किती लांब पडतं, हे कारण दोन वर्षं मी तुला देत होतो.

लग्नाआधी आपण एका खोलीत राहायचो, आठवतं? शनिवारी पोहे खाऊन पट मांडायचा. मी निळा, तू लाल. दिवे लागेपर्यंत एकमेकांची बंदरं लुटायची. मग लग्नं झाली, मुलं झाली, सईच्या शाळेसाठी तू तिकडे राहायला गेलास. "रविवारी ये रे," म्हणायचास. मी ऑफिसात शिकलेलं उत्तर द्यायचो, "माता कोंदो." पुढच्या वेळी! इथे हे ऐकलं की समोरचा समजतो, हा नाही म्हणाला. आणि तू? अकरा वर्षं जपानात काढून "बरं, पुढच्या वेळी नक्की," म्हणायचास आणि पट तसाच मांडून ठेवायचास. इतका कसा रे बावळट?

की कळत होतं तुला?

आणि आजाराचं काय? "रूटीन चेकअप रे," म्हणालास. केमो चालू असताना! एक शब्द बोलायचास ना, गाढवा. सगळं सोडून आलो असतो.

आलो असतो का? हा प्रश्न माझ्या गळ्यात अडकवून गेलास, त्याचा सगळ्यात जास्त राग येतो.

टेबलावर आपला दोन वर्षांपूर्वी अर्धा सोडलेला डाव अजून मांडलेला होता. तुम्ही तिघं खाली बसून जेवत होतात म्हणे. पण माझी जहाजं मी सोडली तिथे नव्हती. केतकी म्हणाली, "दर रविवारी बसायचा. तुझ्या चालीपण तोच खेळायचा. सईने विचारलं तर म्हणायचा, काका ट्रेनमध्ये आहे."

मी वाकून नीट पाहिलं. निळा जिंकत होता. तिन्ही मोठी बंदरं माझी!

कोणाला विचारून, रे? आयुष्यात एकदा तरी तुला हरवलं होतं का मी? मला तुला समोर बसवून हरवायचं होतं, चिडलेला बघायचं होतं. तुझी मेहेरबानी कोणी मागितली होती?

तेवढ्यात सई आली. "त्सुगी, दारे नो बान?" आता पाळी कोणाची? मी म्हटलं, लालची. तिने तुझी खुर्ची ओढली आणि बसली.

खेळाचं खोकं घरी आणलेलं नाही. सईच्या अभ्यासाला माझ्याकडचं घडीचं टेबल नेऊन देतोय. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी तुझ्या घरी असणार. त्या रविवारी कामाला येणार नाही, असं ऑफिसला सांगून टाकलंय, सरळ "नाही" या शब्दात. आणि ऐक, तुझ्या पोरीला मी मुद्दाम जिंकू देणार नाही. आज तिने माझं मोठं बंदर घेतलं ना, ते स्वतःच्या अकलेने घेतलं.

तुझ्यावर अजून चिडलेला,
निखिल