फ्रीजमधल्या तीन बाटल्या

६ जानेवारी २०२५
आज कोळंबीच्या पाच माद्यांचे डोळे कापले. एकेकीचा एक. चिमटा तापवायचा, डोळ्याचा देठ दाबायचा, जरा थांबायचं — डोळा गळून पडतो. अंडी अडवून धरणारं हार्मोन त्या देठात असतं. देठ गेला की मादी आठवड्याभरात अंड्यावर येते. कोळंबीची पिल्लं काढून विकणारे हॅचरीवाले असंच करतात. दुसऱ्याच मादीला मी चिमटा खाली ठेवला. माझ्या गाईड शुभदा मॅडम म्हणाल्या, सवय होईल. न होवो!

९ जानेवारी
उरलेल्या आठ माद्यांचे डोळे शाबूत ठेवायचे — माझी पीएचडी म्हणजे एवढंच. कोळंबीचं जनुक यीस्टमध्ये घातलंय. अंडी पिकवणारं हार्मोन यीस्टनं बनवायचं, ते आम्ही मादीला टोचायचं. या यीस्टला रोज ठरल्या वेळी मिथेनॉल पाजावं लागतं. संक्रांतीलाही सुटका नाही. तान्हं लेकरू बरं!
परभणीत समुद्र कुठला? मिठाची पोती टाक्यांत कालवून केलेला.

१२ जानेवारी
माय आलीय खोलीवर राहायला. भाऊ पप्पू आणि वहिनी रेणुका ऊसतोडीला गेलेत. मायची कंबर आता फडात वाकत नाही, म्हणून यंदा नवरा-बायको दोघंच कोयत्यावर.
मायची गर्भाची पिशवी एकोणतिसाव्या वर्षी काढली. पाळीत खाडे व्हायचे, खाडा झाला की मुकादम दंड लावायचा. शेवटी त्यानंच टोळीतल्या बायका जीपमध्ये घालून दवाखान्यात नेल्या. मी पाचवीत होते. तेव्हापासून तिच्या अंगातून वाफा निघतात, हाडं ठणकतात. या थंडीतही पदरानं वारा घेत बसते.

१३ जानेवारी
मायनं विचारलं, दिवसभर काय करतीस. सोपं करून सांगितलं — झिंग्याच्या मादीनं लवकर अंडी द्यावीत म्हणून तिचा डोळा कापतात. माझं औषध दिलं की कापावं लागत नाही.
तिनं निवडायला घेतलेले तीळ बाजूला सरकवले. मग म्हणाली, "दिलं की कापावं लागत न्हाई?"
"नाही."
"लय चांगलं काम करायलीस, माय."
पाच वर्षांत माझ्या कामाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. जेवताना उगाच दोन घास जास्त गेले.

१६ जानेवारी
निघालं! हार्मोन निघालं — शुद्ध! आठही माद्यांना पहिला डोस टोचला. उरलं ते तीन बाटल्यांत. बोटाच्या पेराएवढ्या बाटल्या, सहा महिन्यांची मेहनत. दुसरा डोस २६ तारखेला. तो हुकला की सगळं पाण्यात.

१८ जानेवारी
लॅबचा फ्रीझर बंद पडला. मेकॅनिक सोमवारी येणार म्हणे. बाटल्या बर्फात घालून घरी आणल्या, खोलीतल्या फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवल्या.
माय म्हणाली, हेच का ते? हेच, म्हटलं. हात लावू नको.

१९ जानेवारी
टोळीतले लिंबाजी मामा मयतीला गावी आले होते, आज परत फडावर निघाले. मायनं रेणुकासाठी शेंगदाण्याची चटणी अन् तिळाचे लाडू बांधून दिले. मामांना टेम्पो देवगाव फाट्यावरून मिळणार होता. माय दुखरी कंबर घेऊन एसटीनं तिथवर गेली, गाठोडं त्यांच्याच हातात देऊन आली. चटणीसाठी एवढा आटापिटा! म्हातारपणी माणूस हट्टी होतं हेच खरं.

२० जानेवारी
बाटल्या नाहीत.

२१ जानेवारी
"सांडल्या माझ्याकडून." माय एवढंच म्हणते. तिन्ही? झाकणं घट्ट होती! मग रिकाम्या बाटल्या कुठंयत?
तू प्यालीस, मी म्हणाले. अंगातल्या वाफा थांबाव्यात म्हणून प्यालीस. ती फ्रीजचा रिकामा कप्पा पुसत राहिली. तेव्हा माझा तोल गेला. "या वयात अंडी घालायची होती का तुला?"
पिशवी नसलेल्या बाईला. माझ्या मायला. मी बोलले हे.
ती उठून भांडी घासायला लागली.

२६ जानेवारी
दुसरा डोस नाही. यीस्टपासून पुन्हा काढायचं तर दोन महिने, तोवर माद्या टिकत नाहीत. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, मग जुन्या पद्धतीनं करू.

२७ जानेवारी
आठही माद्यांचे डोळे कापले. चिमटा एकदाही खाली ठेवला नाही.
माय भाकरी झाकून ठेवते, मी खाते. बोलणं बंद आहे. माफी मागायची कशी, सुचत नाही. आणि मनातून रागही जात नाही.

३० जानेवारी
दुपारी रेणुकाचा फोन, फडावरून. हळू आवाजात बोलत होती.
"ताई, मायनं लाडवात धाडलेलं औषध घेतलं. तिन्ही बाटल्या. आता कापावं लागत न्हाई ना? मुकादम शनिवारी पिशवी काढायला दवाखान्यात नेतो म्हणायलाय."