भाऊजींच्या खिशातला हिरा

मी, महानंदा उत्तरेश्वर कोळगे, वय एकाहत्तर, राहणार बार्शी नाका, धाराशिव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाविना आणि सकाळचा चहा घेऊन झाल्यावर लिहीत आहे. माझ्या शुद्धीबद्दल माझे धाकटे दीर सिद्धेश्वर भाऊजी यांना शंका आहे, कारण या वयात मी दर रविवारी राक्षसांचे आवाज काढते. त्या शंकेची इथं नोंद घेतली. पुढं.

येत्या आठवड्यात सोलापूरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. मग इतक्या सह्या कशाला घेता, असं मी विचारलं, तर नुसते हसले. म्हणून माझाही एक कागद असू द्यावा.

कलम १. राहतं घर माझी भाची निकिता हिला द्यावं. ती माझा भाऊ श्रीनाथ याची मुलगी, इथल्याच कॉलेजात शिकवते आणि माझ्याजवळ राहते. घराचा उतारा भाऊजींच्या लोखंडी पेटीत आहे. आमच्या दोन्ही घरांतलं जे जे महत्त्वाचं, ते त्या पेटीत. लग्नात आलेला कपबशांचा सेट त्यांनी अजून खोक्यातून काढलेला नाही, पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यातच चहा मिळतो. उतारा घेऊन या म्हणून निकितानं त्यांना आज फोन केला आहे. आला की इथं जोडावा.

घर देताना एकच अट. पुढच्या खोलीतलं गोल टेबल हलवायचं नाही.

कलम २. हे टेबल म्हणजे काय, ते वकिलांसाठी लिहिते. लॉकडाऊनमध्ये निकितानं पुण्याहून एक खेळ आणला. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि बसल्याजागी कल्पनेतल्या गुहा-किल्ल्यांतून हिंडायचं. मार बसला की चुकला, हे फासे ठरवतात. बाकी गुहा, राक्षस आणि खजिना सगळं सूत्रधाराच्या तोंडून. सूत्रधार मी. निकिता चोर झाली. शेजारची भाग्यश्री बनसोडे, जिल्हा परिषदेत आहे, ती मांत्रिक. भाऊजी तलवारबाज, नाव रणधीर, एरवी पालीला भितात.

या खेळात खजिन्यातली रत्नं नुसती मिरवायची नसतात. मोठ्या मंत्राला रत्न लागतं, आणि मंत्र झाला की ते संपतं. दार कायमचं बंद करायला माणकाची पूड लागते, मेलेल्याला उठवायला हिरा. आता धाराशिवात हिरे-माणकं कुठून आणायची? म्हणून माणकाला लाल गोळी, पाचूला हिरवी, आणि हिऱ्याला सोनारीच्या भैरोबाच्या जत्रेतली खडीसाखर. मंत्र म्हटला की रत्न आमच्या ह्यांच्या दगडी खलात कुटायचं आणि चिमूट चिमूट सगळ्यांनी खायचं. हे वैद्य होते, त्या खलात त्यांनी जन्मभर कडू औषधं घोटली. दगडाला म्हातारपणी तरी गोड लागू दे, असं मला वाटलं.

कलम ३. माझी हिऱ्याची चमकी निकिताला. ही माझ्या सासूबाईंची. चांगल्या प्रसंगाला घालू म्हणून त्यांनी ती जपली, तोवर नाकाचं भोक बुजलं. तेव्हा निकिता, तू ती भाजी आणायला जातानाही घालायची. हरवली तर हरवली. लॉकरमध्ये ठेवलीस तर मी वरून बघते आहे, हे ध्यानात ठेव.

कलम ४. फासे, नकाशे आणि सूत्रधारकी भाग्यश्रीला. पोरीचा आवाज खणखणीत आहे. राक्षस मरताना तेवढा जास्त वेळ लावू नये, भाजी करपते.

कलम ५. खल सिद्धेश्वर भाऊजींना. हे कलम लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

पाडव्यानंतरच्या रविवारी रणधीर मेला. राक्षसाचा एकच घाव, फासा वाईट पडला. भाग्यश्रीला उठवायचा मंत्र येत होता, हिरा हवा होता. निकितानं आपली रत्नांची पिशवी उलटी केली. भाग्यश्रीनंही केली. भाऊजींनीही केली आणि सुस्कारा सोडला. वास्तविक मागच्या डावातल्या देवळात, बाकीचे लढत असताना, हिरा भाऊजींनीच उचलला होता. ते मला माहीत, पण सूत्रधारानं फोडायचं नसतं. मी नुसती त्यांच्याकडं बघत राहिले. ते छताकडं बघत राहिले. रणधीर मरून पडलेला, संजीवनी त्याच्याच मालकाच्या खिशात, आणि मालकाच्या मनात, असू दे, पुढं लागेल.

तेवढ्यात निकिताला मुंग्या दिसल्या. टेबलाच्या पायावरून, भाऊजींच्या बाहीवरून, नीट रांगेनं शर्टाच्या खिशात. भाग्यश्री म्हणाली, "काका, मुंग्यास्नी कळलं, आमाला न्हाय." आम्ही पोट धरून हसलो. भाऊजी उठले, चप्पल घातली आणि गेले. तेव्हापासून रविवारी आले नाहीत. तिघींनी खेळून बघितलं, पण रिकाम्या खुर्चीकडंच नजर जाते, फासे हातात राहतात.

भाऊजी, राग सोडा. हे गेल्यावर वर्षभर मी कुणाशी धड बोलत नव्हते, तेव्हा या टेबलावर तुम्हीच मला हसवलंत. मला ऑपरेशनची भीती वाटते, आणि त्याहून जास्त भीती वाटते ती हे टेबल मोडेल याची. तुमचा हिरा अजून तुमच्याकडंच असेल, तुम्ही टाकणाऱ्यातले नव्हे. माझ्या माघारी एका रविवारी या, सगळ्यांदेखत तो या खलात कुटा. रणधीर उठेल, असा सूत्रधार म्हणून माझा निकाल आहे.

कलम ६. माझ्या साड्या

इथं लिहिणं थांबवावं लागलं. भाऊजी उतारा घेऊन आले. चहा नको म्हणाले, बसले मात्र, त्यांच्याच खुर्चीवर. निकितानं उतारा घेतला. भाऊजी कागदाकडं बघून म्हणाले की एवढं काय लिहिताय. मी म्हटलं, वाचा. त्यांनी चष्मा लावून कलम पाच वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि बराच वेळ चष्माच पुसत बसले. मग खिशातून स्टीलची डबी काढली. डबीत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कापूस, कापसात खडीसाखर. आता मुंगीची काय बिशाद.

म्हणाले, "वहिनी, तुमच्या माघारी न्हाय. आत्ता उठवा मला. तुम्हीच उठवा."

भाग्यश्रीला हाक मारली, ती पिठाच्या हातानंच आली. खल टेबलावर ठेवला. भाऊजींनी स्वतः कुटली. भाग्यश्रीनं मंत्र म्हटला, मी रणधीरला डोळे उघडायला लावले. डोळे उघडून त्यानं पहिल्यांदा विचारलं, माझी पिशवी कुठं आहे. भाऊजींना साखर वर्ज्य आहे, तरी बोटाच्या टोकाला लागलेली त्यांनी चाटली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

सबब कलम ५ मधला हिरा आता शिल्लक नाही, तो वाटणीतून वगळावा. खल भाऊजींचाच, पण पेटीत ठेवायचा नाही, टेबलावर ठेवायचा. साड्यांचं सोलापूरहून आल्यावर बघू. रणधीर गुहेच्या तोंडाशी उभा आहे, आत काय आहे ते फक्त मला माहीत आहे, आणि ते मी या कागदात लिहून ठेवणार नाही. त्यासाठी मला परत यावंच लागेल.

वरील मजकूर माझाच, खाडाखोड माझीच, कागदावरची साखर सगळ्यांची.

सही: महानंदा उत्तरेश्वर कोळगे

आमच्यासमोर सही झाली. आम्हाला या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, चिमूटभर साखर मिळाली ती आधीच खाल्ली.
साक्षीदार: कृष्णराज देवकते, शेजारी
साक्षीदार: शांतम्मा बिराजदार, मैत्रीण, मूळ गाव उमरगा

ठिकाण: गोल टेबल, बार्शी नाका, धाराशिव
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५, रविवार