मुतखड्यासाठी जवाचं पाणी

६ एप्रिल, सोमवार
यांच्या पोटात सात मिलिमीटरचा मुतखडा निघाला. जालन्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत दाखवला. मला काहीच दिसलं नाही, पण मान हलवली. महिनाभरात पडला नाही तर लेसरनं ऑपरेशन. तोवर गोळ्या, भरपूर पाणी आणि रोज जवाचं पाणी.
संध्याकाळी यांचे मित्र अंगद भाऊजी आले. म्हणाले, गोळ्याबिळ्या राहू द्या, रोज एक बिअर घ्या, खड्याचा भुगा होतो. यांचा चेहरा असा उजळला की लग्नातही उजळला नव्हता. किळस आली.
राजूरच्या गणपतीला नवस बोलले : खडा पडेपर्यंत मी चहा सोडला. आणि या घरात बिअर येणार नाही.

७ एप्रिल
भाऊजींना विचारलं, बिअरमध्ये असतं तरी काय. जव, पाणी, थोडं ईस्ट. बस. एवढ्यासाठी बाप्ये जाळीच्या खिडकीत हात घालून दीडशे रुपये देतात. मी कुरडईचे गहू तीन दिवस आंबवते तेव्हा मला कोणी दारूवाली म्हणत नाही. दुकानात विकली की दारू. घरी सोवळ्यात केलं की औषध.
मी करणार.
लेक आकांक्षा संभाजीनगरला बीएस्सी करते. तिनं फोनवर व्हिडिओ पाठवला आणि वर म्हणाली, "आई, ही बिअरच हाय." कॉलेजात देवाधर्माचं काही शिकवत नाहीत.

११ एप्रिल, दुपारी ४
डोकं फुटतंय. चहाची वेळ. सहन करते आहे.
जवाला मोड मात्र मटकीपेक्षा सुरेख आले. गच्चीवर वाळत घातले. शेजारच्या शिवकन्याबाईंनी विचारलंच. भजनी मंडळात या माझ्यापुढे बसतात, नाक सगळीकडे. सातू करतेय म्हणून सांगितलं. सातूत जव असतातच. खोटं बोलले नाही.

१३ एप्रिल
जव भाजून भरडले, गरम पाण्यात ठेवले, गाळलं, उकळलं, गूळ घातला. कडूपणासाठी व्हिडिओतली बाई कसलंसं परदेशी फूल घालते. मी कडुलिंबाचा पाला घातला. वर मोसंबीची साल. निवल्यावर ईस्ट. लोणच्याच्या मोठ्या बरणीत भरून तोंडाला फडकं बांधलं. देवघरापासून लांब, कोठीत ठेवलं.

१६ एप्रिल
बरणी गुडगुड करते. वास असा की हे जेवता जेवता उठून बाहेर गेले.
एक चमचा घेऊन पाहिला. औषध द्यायच्या आधी आपण चाखायला हवं. शी.

१७ एप्रिल
पुन्हा चाखलं. कालची चव नीट लक्षात राहिली नव्हती. शी.

१८ एप्रिल
वाटीनं चाखलं. चमच्यानं अंदाज येत नाही. शी.
आज डोकं कमी दुखलं.

२१ एप्रिल
पुतण्याच्या साखरपुड्यातल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या मी जपून ठेवल्या होत्या. तेव्हा सगळे हसले होते. बारा भरल्या. बरणीत थोडं उरलं. टाकवेना, शेवटी धान्य आहे. प्यायले. भांडी घासायला आज कंटाळा आला नाही.

२६ एप्रिल, रविवार
आजपासून यांचा डोस. दुपारी चारला गिलासभर. हे गिलास घेऊन अंगणात जातात, फिरत फिरत पितात, तोंड वाकडं करून रिकामा गिलास आणतात. म्हणाले, "लई कडू हाय, पर तुझ्यासाठी पिऊन राह्यलो." पहिल्यांदा वाटलं, माणसाला माझी किंमत आहे. आजाऱ्याला सोबत म्हणून मीही गिलासभर घेतला.

२८ एप्रिल
चहा सोडून बावीस दिवस. दहा दिवस झाले, आठवणसुद्धा नाही. चार वाजता डोकं दुखत नाही, चिडचिड नाही. याला श्रद्धा म्हणतात. शिवकन्याबाईंना दोन तास चहा नाही मिळाला तर तोंड पाडून बसतात.
गुडघाही हलका झालाय. भजनात आज वरच्या पट्टीत गेले. शिवकन्याबाईंनी दोनदा वळून पाहिलं. जळतात.

३० एप्रिल
अंगणातली जास्वंद कधी नव्हे इतकी फुललीय. एकवीस फुलं गणपतीला वाहिली. बाप्पा प्रसन्न आहे.
पण पाच दिवसांत आठ बाटल्या संपल्या. हे लपून पीत असणार. औषध म्हणून दिलं तरी पुरुषाच्या जातीला चटक लागतेच. किळस येते. बेतानं घ्या म्हणून बजावलं. हे गिलास घेऊन अंगणात निघून गेले.

४ मे, सोमवार
बाटल्या खलास. जालन्याला गेलो. खडा जागेवर. सात मिलिमीटर.
मी म्हणाले, असं होणारच नाही, बारा बाटल्या जवाचं पाणी स्वतः करून पाजलंय. डॉक्टरांनी विचारलं, कसं केलं? मोड आणण्यापासून सगळं सांगितलं. ईस्टपाशी त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाले, "ताई, मूठभर जव उकळायचे, गाळायचे, प्यायचे. झालं."
तेव्हा हे बोलले. "डॉक्टरसाहेब, मी एक घोट बी घेतला न्हाई. रोज जास्वंदीला ओतत व्हतो. गिलासभर."
आठ दिवसांचे आठ गिलास. तीन बाटल्या. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरच्या किडनीच्या चित्राकडे.
बारा तारखेला ऑपरेशन.
एसटीनं घरी वाटूरला आलो. उतरताना हे म्हणाले, "वंदे, खडा तुझ्या पोटात असता तं कवाच पडला असता."

५ मे, अंगारकी
राजूरला गेलो. घरची जास्वंद नेली नाही, देवळाबाहेर फुलं विकत घेतली. रांगेत तीन तास. बाप्पासमोर उभी राहिले. नुसतं नाक घासलं.
घरी येऊन बरणी राखेनं तीनदा घासली. वास जात नाही.
चार वाजता डोकं ठणकायला लागलं. उन्हानं असेल. उपासानं असेल. यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः चहा केला. म्हणाले, "नवसाचं मी बघतो बाप्पाकडं. घे घोटभर."
कप पुढे ठेवलाय. आल्याचा वास येतोय. नवस मोडायला नको म्हणून घेत नाही, असं त्यांना सांगितलं.
चहा प्यावासाच वाटत नाहीये. डोकं मागतंय ते चहा नाही.